पाच तास वीस मिनिटं

“एक तास दहा मिनिटं तुम्हाला कमी वाटतात? वहिनी, तेवढ्यात माणूस बोरिवलीहून घाटकोपरला येतो,” श्यामसुंदर म्हणाला.

“रस्ता माहीत असलेला येतो,” माणिक म्हणाली. “आणि तोसुद्धा आज जेवायला अकराला येतो सांगून सव्वाबाराला आला.”

तिच्या नवऱ्याला, मार्तंडला हसू आलं, पण धाकट्या भावाचं तोंड बघून त्याने आमटीत भात कालवायला घेतला. श्यामसुंदरने खिशातला कागद चौथ्यांदा उलगडला. त्याच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी ओळखीच्या एजंटने तो काढून दिला होता. मुंबईहून निघायचं, फ्रँकफर्टला सकाळी आठ चाळीसला पोचायचं, नऊ पन्नासच्या विमानात बसायचं आणि शिकागोत उतरायचं. माणिकने काढलेल्या तिकिटात फ्रँकफर्टला साडेसहाला पोचायचं होतं आणि पुढचं विमान अकरा पन्नासला होतं. म्हणजे मध्ये पाच तास वीस मिनिटं.

“चौसष्ट वर्षांची बाई परक्या देशात पाच-पाच तास बाकड्यावर बसवून ठेवायची, हे प्लॅनिंग तुमचं? आई आहे ती, पार्सल नाही.”

“पार्सल असतं तर मीही सत्तर मिनिटं दिली असती. पार्सल चुकलं तर दुसऱ्या दिवशी पाठवतात. भाऊजी, डिसेंबर आहे. तिकडे धुकं असतं, बर्फ असतं. विमान अर्धा तास लेट झालं की तुमच्या कागदावर चाळीस मिनिटं उरतात. त्यात आईंनी उतरायचं, दार शोधायचं, या टोकाकडून त्या टोकाला जायचं. इंग्लिश एक अक्षर येत नाही त्यांना.”

“तुमच्या त्या विमानांच्या वेळांच्या पुस्तकात काय दिलंय? पंचेचाळीस मिनिटं पुरतात असंच ना? माझ्या माणसाने सांगितलं मला.”

“पुरतात. पळणाऱ्याला.”

श्यामसुंदरने ताटातला हात थांबवला. “तुम्ही सगळं पुस्तकातच वाचलंय ना पण. बारा वर्षं तिकिटं फाडताय, विमानात एकदा तरी पाय ठेवलाय? माझा मित्र तीनदा जाऊन आलाय फॉरेनला.”

माणिकने ताकाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

पायही ठेवला नव्हता, हे खरंच होतं. माणिक परळला वाढली. वडील मालवणकडून आलेले, कापडगिरणीत मागावर काम करणारे साचेवाले. मॅट्रिकनंतर टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, लग्न झालं, घाटकोपरला पंतनगरात आली, आणि चौऱ्याहत्तर साली चकाल्याजवळच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत टायपिस्ट म्हणून लागली. तिथे दर महिन्याला जगातल्या यच्चयावत विमानांच्या वेळांचं पुस्तक येई. टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, अक्षर मुंगीएवढं. एकदा तिकिटांचं काम बघणारा माणूस रजेवर गेला आणि शेठनी ते पुस्तक हिच्यापुढे टाकलं. हिने पोरांच्या दप्तरातली फूटपट्टी आणली आणि एकेका ओळीखाली धरून वाचायला लागली. तो माणूस परत आला तेव्हा त्याला दुसरं टेबल मिळालं.

कुठल्या गावाहून कुठल्या गावाला जायला कुठे विमान बदलायचं, तिथे किती वेळ हाताशी ठेवायचा, हिवाळ्यात किती वाढवायचा, हे तिला तोंडपाठ झालं. ज्या शहरांत ती जन्मात जाणार नव्हती, तिथल्या विमानतळांवर कुठून कुठे बस लागते हेसुद्धा ती गिऱ्हाइकाला सांगे. परत आलेल्या प्रत्येकाला ती खोदून खोदून विचारी, त्यातून हे साठलं होतं.

आणि ती चिठ्ठी देई. चिठ्ठीची सुरुवात एका चुकीपासून झाली. दापोलीकडचा एक मुलगा आखातात नोकरीला निघाला होता. तिकीट मंगळवारचं, रात्री दोन दहाचं. घरची माणसं पंचांगवाली. त्यांचा वार सूर्य उगवला की बदलतो, घड्याळात बारा वाजले म्हणून बदलत नाही. मंगळवारची रात्र म्हणजे मंगळवारी जेवल्यानंतरची, असा हिशेब करून अख्खं घर हार घेऊन सहार विमानतळावर पोचलं, तेव्हा विमान जाऊन पुरा दिवस झाला होता. तिकिटावर तारीख बरोबर होती. माणिकला कोणी काही बोललं नाही. तरी त्यानंतर तिने तिकिटाला टाचणीने मराठी चिठ्ठी लावायला सुरुवात केली: ‘सोमवारी रात्री लवकर जेवून घर सोडा. पहिल्या विमानातून उतरल्यावर सामान शोधू नका. पुढचं दार अमुक वाजता.’ अंधेरी-मालाडपासून पार मानखुर्दपर्यंतची माणसं ‘चिठ्ठीवाल्या बाई’ म्हणून तिच्याकडे येत. चिठ्ठी घेऊन गेलेला तिचा एकही माणूस आजवर अडकला नव्हता. त्याचा तिला अभिमान होता. ती बोलून दाखवत नसे एवढंच.

आता चिठ्ठी सासूसाठी लिहायची होती. नणंद मृणालिनी शिकागोला. तिची आधीची दोन बाळं पोटातच गेलेली. या खेपेला डॉक्टरांनी तिला सातव्या महिन्यापासून पलंगावरून उतरू नको सांगितलं होतं. नवरा सकाळी कामावर गेला की दिवसभर घरात ती आणि भिंती. महिन्यातून एकदा फोन करी, तेव्हा एकच म्हणे, “वहिनी, आईला पाठव. कशीही पाठव, पण वेळेवर पाठव.” तिकिटात वेळ आखून देणारी बाई घरातच असताना आई वाटेत हरवली, तर काय तोंड दाखवायचं, ही धास्ती माणिकने महिनाभर घेतली होती.

“आई, तूच सांग,” मार्तंड म्हणाला. “पाच तास बसशील का तू?”

जानकीबाई कोपऱ्यात पाटावर बसून लेकीसाठी डिंक निवडत होत्या. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही त्यांच्या तोंडची मालवणी गेली नव्हती. “बसूक माका काय धाड भरली? बस म्हणशात थंय दिवसभर बसान. धावूचा मात्र सांगू नकात.”

“ऐकलंत?” माणिक म्हणाली.

“मग निदान व्हीलचेअर तरी सांगा,” श्यामसुंदर म्हणाला. “ढकलत नेतात. माणूस बरोबर असतो.”

हे माणिकने आधीच सुचवून पाहिलं होतं. धडधाकट म्हातारी माणसंसुद्धा रस्ता दाखवायला कोणी मिळावं म्हणून खुर्ची मागून घेतात, हे ती रोज बघत होती. पण जानकीबाईंनी डिंकाचं ताट खाली ठेवलं.

“पोरगी बाळंतपणाक टेकलेली, आणि तिची आवस काय चाकाच्या खुर्चीतसून येतली? तिना पयला काय बघूचा तर ह्या? माझे पाय मोडूक नाय हत.”

श्यामसुंदरने कागदाची घडी केली. “करा तुमच्या मनाचं. पण काही झालं तर जबाबदारी तुमची, वहिनी.”

“माझीच आहे,” माणिक म्हणाली.

चिठ्ठी तिने दोन दिवस खपून लिहिली, मोठ्या अक्षरात, कारण जानकीबाई बोट ठेवून वाचत. मग तिला वाटलं, एकदा करून बघावं. पुढच्या रविवारी दुपारी भेटीला येणाऱ्यांचं तिकीट काढून ती सासूला सहारच्या विमानतळावर घेऊन गेली. त्यांना एका खुर्चीवर बसवलं. हातात त्या दिवसापुरती वेगळी चिठ्ठी दिली: ‘इथेच बसायचं. साडेतीन वाजले की उठून समोर सहा नंबरच्या दारापाशी जायचं आणि तिथल्या माणसाला तिकीट दाखवायचं.’ जानकीबाईंच्या मनगटावर मार्तंडचं घड्याळ होतं.

एक गोष्ट माणिकने सासूला सांगितली नव्हती. परदेशी विमानतळावर दार ऐन वेळी बदलतं. हे दहापैकी तीनदा होतं. विमानतळावर काम करणारा दशरथ तिच्या ओळखीचा होता. त्याला तिने सांगून ठेवलं, सव्वातीनला जाऊन म्हातारीला सांग की दार बदललंय, चौदा नंबरला चला. आणि स्वतः खांबाआड उभी राहिली.

जानकीबाई सुरेख बसल्या. पिशवी मांडीवर, चिठ्ठी पिशवीवर. शेजारी माणसं आली, गेली, एका बाईने लाडू पुढे केला, तो त्यांनी मान हलवून नको म्हटला. सव्वातीनला दशरथ गेला. माणिकला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. त्याने वाकून काही सांगितलं, हात लांबवून पलीकडचं दार दाखवलं. जानकीबाईंनी चिठ्ठी त्याच्या नाकाजवळ नेली. त्याने गळ्यातला बिल्ला दाखवला. त्यांनी पुन्हा चिठ्ठी दाखवली. तो आणखी एका गणवेशवाल्याला घेऊन आला. म्हातारी ढिम्म. ठीक साडेतीनला त्या उठल्या आणि सहा नंबरच्या बंद दारापुढे जाऊन उभ्या राहिल्या. पावणेचार झाले, चार झाले. त्या उभ्याच.

दशरथ हसत हसत खांबाकडे आला. “काय बाई आहे यार. मी म्हटलं, आजी, मी इथे नोकरी करतो, दार बदललंय. तर म्हणते, तुझी नोकरी तुझ्याकडे. माझी सून रोज हेच काम करते, तिने सहा लिहिलंय, तुला तिच्यापेक्षा जास्त कळतं का? आता सांग, काय बोलू मी?”

माणिकला त्या क्षणी काय वाटलं ते तिचं तिलाच नीट कळलं नाही. वीस वर्षांत सासूने तिची एवढी तारीफ तोंडावर कधी केली नव्हती.

साकीनाक्यावरून जाणाऱ्या बसमध्ये तिने हळूच विषय काढला. “आई, तो माणूस खरंच सांगत होता. मीच पाठवला होता त्याला. फ्रँकफर्टला असं कोणी आलं तर त्याचं ऐकायचं.”

“कोणाचा?”

“गणवेश घातलेल्याचा.”

“गणवेश बँडवालेय घालतत. तू लिवलंस ना? मग मी दुसऱ्याचा कशाक ऐकू?”

“आणि मी लिहिलेलं चुकलं तर?”

“तुझा कशाक चुकतला?” असं म्हणून जानकीबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांच्यापुरता विषय संपला होता.

घरी मार्तंडने ऐकलं आणि तो पोट धरून हसला. “अगं, वडखळला काय झालं विसरलीस? मामाने गावाहून एस्टीत बसवलं आणि सांगितलं, मुंबई येईपर्यंत ह्या गाडीतून उतरू नको. वडखळला गाडी बंद पडली. कंडक्टरने सगळ्यांना मागच्या गाडीत घातलं. आई उतरली नाही ती नाहीच. ड्रायव्हरबरोबर बसली गाडीत दुसऱ्या सकाळपर्यंत. गाडी दुरुस्त झाली, तीत एकटीच आली.”

ही गोष्ट माणिकने घरात शंभर वेळा ऐकली होती आणि दर वेळी हसली होती. आज ती ताटं मांडत राहिली. श्यामसुंदरशी ती वेळेवरून भांडली होती. पण सत्तर मिनिटं काय आणि पाच तास काय, जिला जागेवरून हलवणारा माणूस घरचाच लागतो, तिला सगळे तास सारखेच. लांब वेळ काढून आपण फक्त एवढं केलं होतं, की म्हातारी चुकीच्या दारापुढे आणखी आरामात उभी राहील. चिठ्ठी पक्की होती हाच तिचा दोष होता. आणि दार कुठलं लागेल, हे आदल्या दिवशी घाटकोपरात बसून जगातल्या कुठल्याच पुस्तकात वाचता येत नव्हतं.

सोमवारी तिने विमान कंपनीच्या ऑफिसात फोन केला. आमच्या सासूबाईंना विमानाच्या दारातच कोणी भेटेल का, खुर्ची न घेता? पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, आम्ही जरूर प्रयत्न करू. ‘प्रयत्न करू’ हे वाक्य माणिक स्वतः दिवसातून दहा वेळा गिऱ्हाइकांना सांगत असे. तिने आभार मानून फोन ठेवला.

मग पुस्तक उघडलं, फूटपट्टी घेतली आणि फ्रँकफर्टहून मुंबईच्या ओळी वाचायला लागली. बारा वर्षांत हे पान तिने नेहमी दुसऱ्यासाठी उघडलं होतं. पाऊण तासाने ती चंद्रप्रकाश शेठच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली. एजन्सीत काम करणाऱ्यांना वर्षातून एकदा पाव किमतीत तिकीट मिळे. इतर सगळे सिंगापूर, काठमांडू करून आले होते. माणिकचं दर वर्षी वाया जाई, कारण मुलीची परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, घराची रंगरंगोटी असं काहीतरी असे.

“माणिकबेन, आखिर,” शेठ म्हणाले. “कहाँ जाना है?”

“फ्रँकफर्ट. त्याच दिवशी परत.”

“उसी दिन? वहाँ देखोगी क्या?”

“एक दार बघायचंय,” ती म्हणाली. “विमानतळाच्या बाहेर नाही पडणार. व्हिसाचंही विचारून घेतलंय, आतच थांबलं तर लागत नाही.”

शेठनी कागदावर सही केली. पासपोर्ट तिच्याकडे होता. नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी काढला म्हणून तिनेही काढला, मुदत संपली तेव्हा सगळ्यांबरोबर नवा करून घेतला. दोन्हींची पानं कोरी.

मंगळवारी श्यामसुंदर आईला भेटायला आला होता. जाण्याला दहा दिवस उरले होते. सगळी जेवायला बसली आणि त्याने पुन्हा सुरू केलं, की अजून वेळ गेलेली नाही, माझा माणूस तिकीट बदलून देईल, सत्तर मिनिटांत आईला धावायला लागलं तरी निदान विचार करायला वेळ मिळणार नाही. मार्तंड म्हणाला, तू गप रे. जानकीबाई म्हणाल्या, दोघवय गप ऱ्हवा, भात निवता.

माणिकने सगळ्यांना वाढून झाल्यावर स्वतःचं पान वाढून घेतलं.

“तिकीट तेच राहणार, पाच तास वीस मिनिटांचंच,” ती म्हणाली. “फ्रँकफर्टपर्यंत मी आईंबरोबर जातेय. जे दार लागेल तिथे नेऊन त्यांना विमानात बसवेन. माझं परतीचं विमान रात्री साडेआठला आहे, तोपर्यंत तिथेच बसेन. शुक्रवारी रात्री जेवून निघायचं, रविवारी सकाळी नऊला मी सहारला उतरेन. शनिवारचा स्वयंपाक तुम्ही बघायचा आणि रविवारी मला न्यायला कोणी यायचं नाही, मी बसने येईन.”