माझ्या केसांचं गंगावन

आमच्या वाडीत केसांचा सल्ला शेजारच्या काकीचा. लग्न, डोहाळजेवण, बारसं, काहीही असो, बायका तिच्यापुढे पाठ करून बसायच्या. ती आधी केसांत बोटं घालून पाहायची, मग सांगायची. पातळ केस ओढून बांधायचे नाहीत, कपाळ उघडं पडतं. त्यांची वेणी सैल घालायची आणि कानावरून फुगा ठेवायचा. जाड केसांना तीन पेडांची वेणी नको, दोरखंड दिसतो. चार किंवा पाच पेड घालायचे, नाहीतर मानेवर अंबाडा. लाटेचे केस कोरडे असताना विंचरायचे नाहीत. हे तिचं सगळं अगदी बरोबर असायचं, म्हणून तर मला तिचा राग अजून येतो. अडाणी बाईने केलं असतं तर एकवेळ मी सोडून दिलं असतं.

माझे केस गुडघ्याच्या खाली जायचे. जाड आणि थोडी लाट असलेले. आई रविवारी जास्वंदीची पानं चुरून लावायची, आणि ते वाळवायला मी मागच्या पडवीत बसले की येणारी-जाणारी बाई दोन शब्द बोलून जायची. मला त्याचा गर्व होता. का नसावा? रंगाने मी सावळी, दात पुढे, अभ्यासात बेताची. माझ्याकडे दाखवण्यासारखं तेवढं एकच होतं.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गोरी, नाकीडोळी नीटस, पण केस म्हणजे उंदराची शेपटी. तिला कुणकेश्वरकडचं स्थळ आलं. मुलगा मुंबईला गिरणीच्या हापिसात कारकून, घरी आंब्याची कलमं. बघायला त्याची आई आणि मावशी येणार होत्या. आमच्याकडे तेव्हा बघायला आलेल्या बायका मुलीला आत नेऊन फुलं माळायच्या, आणि माळता माळता वेणीखाली तळहात धरून तिचं वजन घ्यायच्या. कुणी त्याबद्दल बोलत नसे, पण लग्न त्या तळहातावर ठरायचं. रेशमाचे गोंडे नि वेणीत गुंफलेलं लोकरीचं गंगावन तिथे चालत नाही, हाताला लगेच कळतं.

काकीने ताईच्या केसांत बोटं घातली, मग माझ्याकडे पाहिलं.

"हिचे घेवया," ती आईला म्हणाली. "केस काय गो, परत येतले. लगीन परत येवचा नाय."

मला कुणी विचारलं नाही. पडवीत पाटावर बसवलं, वेणी घातली, वर आणि खाली काळ्या दोऱ्याने करकचून बांधली. आईने माझं डोकं धरलं. वेणी जमिनीला लागू नये म्हणून तिचं टोक ताईने हातात घेतलं होतं. कातर शिंप्याची होती, तरी तीन-चारदा चालवावी लागली. मी रडले नाही. मान एकदम हलकी झाली, एवढंच आठवतं.

काकीचं काम चोख. तिला माझ्या केसांची लाट आणि ताईच्या केसांचा सरळपणा दोन्ही ठाऊक होतं. तिने माझे केस मुळाशी शिवून अडकवायला फासा केला, तो ताईच्या मानेवर आकड्यांनी असा बसवला की शोधूनही सापडू नये, आणि पाच पेडांत लाट मिटवून टाकली. ताईला बजावलं, "सैल सोडू नको. कधीच. सैल सोडलस की लाट दिसतली." मग आरशात ताईने मान वळवून पाहिलं. किती सुंदर दिसत होती ती. मी दारात उभी होते आणि तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

बायका आल्या. तळहात धरला गेला. होणाऱ्या सासूचा चेहरा उजळला, ते मी दारामागून पाहिलं. पुढे पोहे घेऊन जायची पाळी माझी आली, कारण आईच्या हाताला भाजलं होतं. डोक्यावरून पदर घ्यायला मी काही लग्न झालेली नव्हते, कापलेले केस उघडेच राहिले.

"हिका काय झाला?" सासूबाईंनी विचारलं.

आई पापणी न लववता म्हणाली, "विषमज्वर. देवान वाचवली."

सासूबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मायेने फिरवला, खोटं कशाला बोलू. त्या दिवसापासून मी विषमज्वरातून उठलेली मुलगी झाले. शाळेत मुलं 'बोडकी' म्हणायची, ते परवडलं. पण वाडीतल्या बायका वर्षभर मला घागर उचलू देईनात, आणि आईही त्यांना काही सांगेना. सांगणार कशी? ताईचं लग्न ठरलं होतं.

दोन वर्षांनी मला बघायला आले. नांदगावकडचे मास्तर. ते आधी एकदा आमच्या शेजारी पाहुणे म्हणून आले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, कितवीपर्यंत शिकलीस, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं होतं. आमच्या घरात माझं बोलणं संपेपर्यंत कुणी थांबत नसे. मला ते आवडले होते. मला ते लग्न हवं होतं, फार हवं होतं.

माझे केस तेव्हा जेमतेम खांद्याच्या खाली आले होते. आईनेच मला ताईकडे पाठवलं, एका दिवसापुरतं गंगावन घेऊन ये म्हणून. ताई मला परसात घेऊन गेली, विहिरीपाशी.

"सासूबाई रोज सकाळी माझ्या केसांत फूल माळतत," ती म्हणाली. "एक दिस नसला तरी कळात. माका घरात ठेवतीत काय गो?"

"ते माझे आसत," मी म्हटलं.

"माका काय ठावक नाय?" ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मलाच तिचे डोळे पुसावे लागले. मी रिकाम्या हाताने परत आले.

मास्तरांच्या आईने माझ्या वेणीखाली हात धरला आणि लगेच काढून घेतला. विषमज्वराचं त्यांच्या कानावर आलेलंच होतं, त्यांनी आईला सरळ विचारलं. आई माझ्याकडे न बघता 'हो' म्हणाली. नाही म्हटलं असतं तर मग केस का कापले ते सांगावं लागलं असतं, आणि ते कुणकेश्वरला पोचायला दोन दिवस लागले नसते. चार दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, पण नाजूक आहे. मी तेव्हा एक घागर डोक्यावर नि एक कमरेवर घेऊन चढण चढत होते.

त्याच वर्षी शिवरात्रीला कुणकेश्वरच्या जत्रेत ताईच्या सासूबाई भेटल्या. ताई बरोबर होती. मानेवर गच्च अंबाडा, रोजच्या ओढीने कपाळ वर सरकायला लागलेलं. सैल न सोडायचा काकीचा नियम तिने जिवापाड जपला होता. सासूबाईंनी सुरंगीच्या फुलांचे दोन वळेसर घेतले. एक ताईच्या अंबाड्याभोवती माळला, मागे सरून पाहिला, शेजारच्या बाईलाही दाखवला. दुसरा माझ्या केसांत माळायला गेल्या, पण आकडा धरेना, फुलं ओघळून पाठीवर आली. त्यांनी तो परत काढला आणि माझ्या हातात दिला.

"सख्खे बहिणी तुमी," त्या म्हणाल्या, "आणि हिचे केस बघ, तुझे बघ. डोक्याक तेल लायतस मां गो? ताईक विचार, ती काय करता ता."

मी ताईकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी काही बोलेल. निदान विषय तरी बदलेल.

"तिका विषमज्वर झालेलो मां, आई," ताई म्हणाली. "तवापासून तिचे केस तसेच."

सासूबाईंना आठवलं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि विचारलं, आता तब्येत बरी आहे ना.

मी हो म्हटलं.