‘येते’ म्हणायचं नाही

वाघमारे सिस्टरांच्या वॉर्डातून निघताना कुणी ‘येते हं’ म्हटलं की त्या अशा डोळे वटारायच्या, की माणसाने चप्पल तिथेच टाकून पळावं. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणणं अशुभ. त्यावरून लहानपणी मी आईचे धपाटे खाल्लेत. सिस्टरांचा कारभार सगळा उलटा. “येते म्हणलीस तर यावं लागतंय. इथं कुणी यायचं न्हाई बाई, इथून जायचं!”

पिंपरीतल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्यांच्या हाती होता. मूळच्या लातूरकडच्या. उभं आयुष्य इकडे काढलं, पण बोली तिकडचीच राखली. आम्हा आयांवर त्या खेकसायच्या आणि त्याच तोंडाने बाळांशी कुजबुजायच्या.

माझी ओवी वेळेच्या फार आधी जन्मली. फुप्फुसं कच्ची. श्वासाचं मशीन काढलं की निळी पडायची. शेवटी डॉक्टरांनी गळ्याला बारीक छिद्र पाडून श्वासाची नळी बसवली. त्या नळीमुळे तिच्या रडण्याला आवाजच नव्हता. डोळ्यांतून पाणी, तोंड वासलेलं, आणि ऐकू काही नाही. देवा, नको तो प्रकार!

महिने गेले. शेजारची बाळं आली, सुधारली, घरी गेली, आम्ही तिथेच. अशा बाळांना सिस्टर ‘मुक्कामी’ म्हणायच्या.

“माझी मुलगी काय वस्तीची एसटी आहे का?” मी एकदा तडकून विचारलं.

“अगं, मुक्कामी गाडी सकाळी निघतीच की!”

बेड मोजके आणि फोन सारखा. चाकणहून, खेडहून, मावळातून. “दादा, जागा न्हाई हो. असती तर लपवून ठिवली असती का?” फोन ठेवला की त्या सगळ्या बेडांवरून नजर फिरवायच्या. आमच्या बेडकडे मात्र चुकूनही बघायच्या नाहीत. ते न बघणंच मला टोचायचं.

मग एके दिवशी डॉक्टर म्हणाले, ओवीला आता घरी नेता येईल. नळी राहील, छोटं मशीन घरी लावू, पण नळीत कफ अडकला तर तो आईनेच काढायचा. मी साफ नाही म्हणाले. नळी तुंबली आणि माझा हात थरथरला तर? पोर माझ्याच हातात जायची! सकाळीच चाकणच्या एका बाळासाठी फोन आलेला मी ऐकला होता. मी सिस्टरांवर भडकले. “दुसऱ्याला जागा हवी म्हणून आम्हाला हाकलताय तुम्ही!”

वाटलं, समजूत घालतील. छे!

“हाकलायलेच की. खोटं बोलू का? त्या लेकराला बेड पाहिजे अन् तुझ्या लेकराला घर. आम्ही इथं लेकरं जगवतो, माय. वाढवायची घरी असतात.” आणि माझं मनगट धरून मला ओवीपाशी नेलं. “भिऊन कर, पण कर. न भिणाऱ्या बाईच्या हातात मी लेकरू देतच न्हाई.”

तेव्हापासून कफ मी काढायचा आणि सिस्टरांनी मागे हात बांधून उभं राहायचं. जरा चुकलं की, “हलकं, हलकं! गटार उपसायलीस का?”

माझा नवरा चाकणच्या कंपनीत. तिथे प्रत्येक पान्याची जागा फळीवर रंगवलेली असते. त्याने आकुर्डीच्या आमच्या खोलीत तश्शीच फळी ठोकली. नळ्या, कफ ओढायचा पंप, टॉर्च, प्रत्येकाचा पिवळा आकार रंगवला. वस्तू जागेवर नसली तर लगेच कळावं! सिस्टर सुट्टी काढून घर बघायला आल्या, फळीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “जावई कामाचा हाय.” आपला माणूस लाजून चहाचं बघायला गेला.

निघायचा दिवस आला. आमच्या बेडवर नवी चादर पडली होती. चाकणहून आणखी एका बाळासाठी फोन आला होता. ओवीला छातीशी धरून मी दारापर्यंत गेले आणि सवयीने बोलून बसले, “येते सिस्टर!”

“माघारी फिर!”

मी परत आत आले.

“आता नीट म्हण.”

“जाते,” म्हटलं, आणि हुंदकाच फुटला.

“हां. आता गेलीस,” म्हणत त्यांनी फोन उचलला. “या दादा, जागा झाली.”

घरी नळी एकदा खरंच तुंबली. ओवी निळसर दिसायला लागली, नवरा कंपनीत. मी भ्यालेच, पण हात आपोआप फळीकडे गेला. कफ निघाला, पोरीचा रंग परतला, आणि मग मी जमिनीवर बसून मनसोक्त रडले. पुढे फुप्फुसांनी जोर धरला, नळी निघाली, छिद्र बुजलं. ओवीने पहिलं भोकाड पसरलं तेव्हा खालच्या काकू “काय झालं हो?” करत वर धावल्या. मी त्यांच्या तोंडात साखर कोंबली.

परवा सिस्टर निवृत्त झाल्या आणि पहिल्याच रविवारी आमच्याकडे जेवायला आल्या. ओवी त्यांच्या मांडीवरून उठेना, पण नव्या माणसासमोर तोंडातून शब्दही काढेना. शेवटी त्या कशाबशा उठल्या, दारात एक चप्पल घातली आणि सवयीने म्हणाल्या, “बरं, जाते बाई.”

माझ्या आईने नातीलाही तीच शिस्त लावलीय. घोगऱ्या आवाजात ओवी ओरडली, “जाते नाही! येते म्हण!”

सिस्टर एका पायात चप्पल घालून तशाच उभ्या राहिल्या. तो आवाज त्यांनी आधी कधी ऐकलाच कुठे होता?

“म्हणते की माय,” पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. “येते.”