ब्याऐंशी अंशांवर अडलेले इंजिन

२३ फेब्रुवारी १८९३ रोजी रुडॉल्फ डिझेल यांना त्यांच्या इंजिनाचे पेटंट मिळाले. ही नोंद कोणालाही पडताळून पाहता येते. या जातीच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेटते. थंडीत मात्र आतले लोखंडच गारठलेले असते, नुसत्या दाबाने भागत नाही. म्हणून हीटर प्लग नावाच्या बोटाएवढ्या कांड्या आधी लाल होतात, डॅशबोर्डवर पिवळे वेटोळे उजळते, आणि ते विझल्यावर चावी फिरवायची असते. ऊब द्यायची की नाही, हे गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाच्या पाण्याचे तापमान पाहून ठरवतो. धाकटीचा आपल्या भावावरचा विश्वास ज्या सकाळी उडाला, त्या सकाळी हे पिवळे वेटोळे उजळलेच नव्हते.

धाकटी म्हणजे गॅरेजमधली धाकटी. चाळिशी दारात येऊन ठेपली तरी गिऱ्हाइके तिला याच नावाने हाक मारत, आणि तिच्या थोरल्या भावाला, त्याच्याहून वयस्कर माणसेसुद्धा, दादा म्हणत. गॅरेज वडिलांचे. पत्र्याचे छप्पर, मधोमध खड्डा, भिंतीला स्पॅनरच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात धाकटीचे टेबल. त्या टेबलावर ग्रीस लागलेला हात ठेवायची कोणाची छाती नव्हती. इंजिन दादाचे, वायरिंग धाकटीचे, ही वाटणी वडिलांनी हयातीतच करून टाकली होती.

वडील डावखुरे होते. दोन्ही मुले उजव्या हाताची. पण वायरींवर कापडी टेप गुंडाळायला ती दोघे शिकली वडिलांच्या हाताकडे बघून. त्यामुळे दोघांचेही वेढे उलट्या दिशेने जात. शेवटचे टोक न कापता फाडायचे आणि शेवटच्या वेढ्याखाली खोचायचे, म्हणजे तेल लागले तरी सुटत नाही, हीदेखील वडिलांचीच खोड. शेजारच्या गॅरेजमधला वायरमन हसायचा. "तुमच्या घरात घड्याळंपण उलटी फिरतात का हो?" त्यावर दादा म्हणायचा, "फिरतात ना, म्हणून तर तुझ्याआधी काम उरकतं."

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले आकडे आणि बिघाड पडद्यावर दाखवणारा स्कॅनर घ्यायचा विषय निघाला तेव्हा वडील साफ नाही म्हणाले होते. कान असताना पडदा कशाला, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा दादा मध्ये पडला. "बाबा, त्या पडद्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण हिला कळतं. उद्या सगळ्या गाड्या त्याच भाषेत बोलणार आहेत. घेऊ द्या हिला." धाकटी हा प्रसंग नेहमी सांगे, आणि सांगताना तिचा स्वर हळवा होई. घरात तिच्या बाजूने कोणी उभे राहिल्याची तिच्या आठवणीतली ती पहिलीच वेळ.

स्कॅनर आला आणि धाकटीने आपला नेम ठरवला: आधी वाचायचे, मग शोधायचे, पुसायचे सगळ्यात शेवटी. बिघाडाचा कोड दिसला की तो पुसून, दिवा विझवून गिऱ्हाइकाच्या हातात चावी देणारे मेकॅनिक तिला डोळ्यांसमोर नको असत. शिवाय प्रत्येक गाडी ती दोनदा वाचे, एकदा गार असताना आणि एकदा तापल्यावर. या नेमाला तिने आजवर एकदाच फाटा दिला होता, आणि तोही दादाच्या सांगण्यावरून.

ती गाडी नर्सबाईंची. चारही चाकांना ताकद असलेली, उंच, चौकोनी, डिझेलवर चालणारी. डांबरी रस्ता संपल्यावर डोंगरात जी विखुरलेली घरे आहेत, तिथे औषधे नेणे आणि तिथली अडलेली माणसे खाली आणणे हे नर्सबाईंचे काम. त्या सकाळच्या महिनाभर आधी गाडी चढावर उकळली. दादाने इंजिन उघडले, हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे जड झाकण, उतरवले, त्याखालचे गॅस्केट बदलले, सगळे परत बसवले. मग एक लांब चक्कर मारून आला आणि धाकटीला म्हणाला, "गरम आहे तोवर वाचून घे. त्या बाई दारात उभ्या आहेत, उद्यापर्यंत कुठे थांबवतेस?" तिने वाचले. कोड एकही नव्हता, पाणी ब्याऐंशी अंशांवर, म्हणजे निरोगी चालत्या इंजिनाला शोभेल असे. तिने नर्सबाईंना सांगितले, "साफ आहे. बिनधास्त जा."

महिनाभराने नर्सबाई परत आल्या त्या वैतागून.

"ताई, ही तुमची म्हैस सकाळी उठतच नाही. अर्धा तास चावी फिरवा, पांढरा धूर ओका, मग कुठे मॅडम जाग्या होणार. आणि पाणी मात्र म्हशीसारखंच पिते हं."

"दिवा लागतो का कुठला?"

"एक नाही. दिवा नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी. मग हा रोग तरी कसला? मला उद्या पहाटे वर जायचंय. एका पोरीचे दिवस भरलेत, तिला खाली आणायचीय."

धाकटीने गाडी रात्रभर ठेवून घेतली. रोग सकाळचा, तेव्हा तो सकाळीच बघायला हवा. नर्सबाईंनी वर जाणे एक दिवस पुढे ढकलले. दादा खड्ड्यातून डोके वर काढून म्हणाला, "बॅटरी उतरली असेल. बॅटरी बदल आणि सोड. उगाच तुझं शास्त्र नको काढूस." हे वाक्य तिला तेव्हा खटकले नाही, असे ती सांगते. ते खरे मानायला हरकत नाही. दादा असे नेहमीच बोलत असे.

सकाळी पत्र्यावर दव होते. धाकटीने बॉनेट उघडून रेडिएटरवर तळहात ठेवला. बर्फ. बॅटरी मोजली, ठणठणीत. चावी अर्धी फिरवली. पिवळे वेटोळे आले नाही. स्कॅनर जोडला, तर कोड नाही. आणि पाण्याचे तापमान: ब्याऐंशी.

तिने आधी स्कॅनरवर संशय घेतला. तो काढून बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीला लावला. तिथे त्याने हवेइतकाच गार आकडा दाखवला. म्हणजे स्कॅनर खरा. मग संशय पाण्याचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरवर. सेन्सरचा कपलर, म्हणजे त्यात खोचलेली तारांची खुंटी, तिने ओढून काढला. तार तुटली की कॉम्प्युटरला भलताच गार आकडा दिसतो आणि तो लगेच कोड नोंदवतो, हे तिला पाठ होते. पडद्यावर ब्याऐंशी. कपलर तिच्या हातात लोंबत होता, सेन्सरशी कसलाही संबंध उरला नव्हता, आणि तरीही ब्याऐंशी.

आता संशय घ्यायला एकच जागा उरली. दोन तारा बोटांच्या चिमटीत धरून ती मागे मागे सरकत गेली. बॅटरीच्या मागे, जिथे नजर जात नाही अशा ठिकाणी, वायरींच्या जुडीला गाठीएवढा फुगवटा लागला. टेप नवी होती. सोडवण्यासाठी तिने सवयीने अंगठा लावला, आणि टोक जिथे असायला हवे तिथेच मिळाले: शेवटच्या वेढ्याखाली, फाडलेले, खोचलेले. वेढे उलटे होते. आत सेन्सरच्या तारा तोडलेल्या होत्या, आणि कॉम्प्युटरकडे जाणाऱ्या दोन टोकांमध्ये डाळीच्या दाण्याएवढा रेझिस्टर, विजेला ठरावीक अडथळा करणारा तुकडा, जोडलेला. इंजिन गार असो की उकळो, तो आपला एकच आकडा घोकत बसणार.

तिने रेझिस्टर कापून बाहेर काढला. मग तिने हाक मारली.

"दादा, जरा इकडे ये."

"काय, बॅटरीच ना?"

तिने हात पुढे केला. तळव्यावर रेझिस्टर होता आणि सोडवलेली टेप. दादाची नजर रेझिस्टरकडे गेलीच नाही, टेपवर खिळली.

"हे कोणी गुंडाळलंय?"

"असेल कोणीतरी. गाडी दहा हातांतून गेलीये."

"उलटं गुंडाळणारे हात तीन होते. त्यातले बाबा गेले. मी केलेलं नाही."

दादाने चिंधी घेतली आणि आधीच स्वच्छ असलेले हात पुसू लागला. "हेड वाकलं होतं गं. घासून बसवलं, तरी चढावर काटा वर जायचा. आणि त्या बाई रोज दारात. मी जबान देऊन बसलो होतो. म्हटलं, नवं हेड येईपर्यंत काटा जागेवर राहू दे."

"हेड मागवलंस?"

त्याने चिंधीची घडी घातली.

"रेझिस्टर कुठून आणलास?"

"तुझ्याच डबीतून. तूच तर दाखवलं होतंस, तपासायला सेन्सरच्या जागी हा लावतात म्हणून."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू गाडी सोडली असतीस?"

"नाही."

"मग?"

हे 'मग' त्याने अगदी सहज म्हटले. मग तिने विचारले, "त्या दिवशी गाडी तापवून माझ्यापुढे आणलीस, ती मुद्दाम?"

"गार गाडीवर ब्याऐंशी बघून तू सोडणार होतीस का मला?" तो कसनुसा हसला. "दिवा लागला असता तर त्या तुझ्याकडेच आल्या असत्या, आणि तू वाचलं असतंस."

म्हणजे सगळा बंदोबस्त तिच्यासाठी होता. नर्सबाईंना काटा आणि दिवा यांपलीकडे काही कळत नाही हे दादाला ठाऊक होते. फसवायचे होते ते बहिणीला, आणि फसल्यावर तिच्याच तोंडून 'साफ आहे' वदवायचे होते. चूक एवढीच झाली की त्याने फक्त तिच्या नजरेचा विचार केला. तोच आकडा पाहून कॉम्प्युटर सकाळची ऊब ठरवतो, हे त्याच्या गावीही नव्हते.

"त्यांना काही बोलू नकोस," तो आवाज खाली आणून म्हणाला. "तारा जोडून टाक. मी आजच हेड मागवतो. काहीतरी सांगून गाडी ठेवून घेऊ. अगं, बाबांचं नाव आहे दारावर."

नर्सबाई दुपारच्या आत आल्या. धाकटीने दादाच्या देखत सगळे सांगितले, एक शब्द न गाळता. दादा मध्येच उठून खड्ड्यात उतरला.

नर्सबाई म्हणाल्या, "म्हणजे महिनाभर मी त्या चढावर आंधळी जात होते. माणसं घालून."

"हो."

"आणि साफ आहे, बिनधास्त जा, हे कोण म्हणालं होतं?"

"मी."

"मग दादांनी काय केलं ते तुमचं तुम्ही घरात बघा. मी काही दादांच्या शब्दावर वर गेले नव्हते, ताई."

त्यांनी मागच्या सीटवरची घडी घातलेली घोंगडी उचलली, औषधांची पेटी उचलली, आणि धाकटी मदतीला पुढे झाली तेव्हा "राहू दे" म्हणून चालू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोणाचा तरी ट्रॅक्टर मिळवला. ती मुलगी खाली पोहोचली आणि सुखरूप बाळंत झाली, हे धाकटीला तिसऱ्याच माणसाकडून कळले.

त्या संध्याकाळी धाकटीने सेन्सरच्या तारा पुन्हा जोडल्या आणि गाडी एकटीने गावामागच्या चढावर नेली. अर्ध्या वाटेत काटा चढू लागला, मग तांबडा दिवा लागला, आणि कॉम्प्युटरने पी ०२१७ हा कोड नोंदवला: इंजिन मर्यादेबाहेर तापले. तिने इंजिन बंद केले, कोड वाचला, आणि तसाच राहू दिला.

भावंडे आजही त्याच छपराखाली काम करतात. बोलणे कामापुरते. येणारी प्रत्येक गाडी, मग ती टायर बदलायला का आलेली असेना, धाकटी आधी गार करून वाचते आणि तारा बोटांनी चाचपते. आजवर तसला दुसरा फुगवटा तिला सापडलेला नाही. पण जुनी गिऱ्हाइके सगळी परत येत नाहीत, म्हणून त्यांच्या गाड्या तपासायच्याच राहिल्या; काहींनी गाड्या विकल्या, काही दूर निघून गेले.

एवढे ठाऊक आहे. नवे हेड मागवायचा दादाचा विचार खरोखर होता की नाही, हे ठाऊक नाही. तो होता म्हणतो, दुजोरा देणारे काही नाही. हे त्याने याच एका गाडीत केले की आणखी कुठे, हेही ठाऊक नाही. धाकटीने डबीतले रेझिस्टर कधी मोजून ठेवले नव्हते. आणि जो बिघाड कॉम्प्युटरला कधी दिसलाच नाही, त्याचा कोड कुठल्याही गाडीत सापडणार नाही.