मोटार कुणी चालू केली

आता जे लिहितोय ते माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. सलीमला ठाऊक आहे, पण त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मीही नाही.

माझं कसं आहे — बाजारात नवी वस्तू आली की मला चैन पडत नाही. लातूरला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे, पण जीव सगळा या खेळण्यांत. माहूरला देवीला निघालो तरी पिशवीत कपडे कमी आणि चार्जर, वायरीच जास्त. घरचे हसतात. हसतात आणि मानतातही — टीव्ही बिघडला, ओटीपी येईना, की पहिला फोन मला. यंत्राच्या बाबतीत आमच्या घरात माझा शब्द शेवटचा. हे मी मिरवायला सांगत नाही. मिरवायचा कंटाळा आलाय आता.

निलंग्याजवळ आमचं शेत आहे. ते माझा थोरला भाऊ बघतो — अण्णा — आणि वहिनी. बोअरची मोटार चालू करायला त्यांना दर वेळी घरून शेतापर्यंत तंगडतोड करावी लागायची. म्हणून मी एक डबी आणली आणि स्टार्टरला जोडून दिली. डबीत सिमकार्ड. तिला फोन लावायचा, एक दाबायचं, मोटार सुरू. अण्णा इतका खूश झाला की गावभर सांगत सुटला. डबी फक्त तुझ्याच नंबरवर चालते, असं मी त्याला सांगितलं होतं. माझाही नंबर त्यात होता, चाचणीपुरता टाकलेला. काढायचा राहून गेला — नाही, राहून गेला नाही. ठेवला होता. लातुरात खुर्चीवर बसून गावची मोटार आपल्या हातात आहे, याची मजा वाटायची मला. कसली मजा ती? आता सांगताही येत नाही.

एकदा कामासाठी नांदेडला गेलो होतो. सलीम तिथं मोबाईल दुरुस्त करतो, जुना दोस्त. दुपारी त्याच्या दुकानात चहा घेत बसलो, दोन-चार गिऱ्हाईकं होती, आणि मला बढाई सुचली. म्हटलं, इथं बसून निलंग्याची मोटार चालू करून दाखवतो. सगळे सरसावून बसले. सलीमनं तेवढं विचारलं, "वां खेत में कोई रहा तो?"

मी म्हणालो, "या उन्हात कोण मरायला जातंय?"

आणि फोन लावला. एक दाबलं. डबीतल्या बाईनं सांगितलं, मोटार चालू झाली आहे. लोक हसले. कुणीतरी टाळीही दिली.

शेतात अण्णा होता. केबल उंदरांनी कुरतडली होती, तिला जोड मारत तो ओल्या जमिनीवर अनवाणी बसला होता. आमच्याकडं अशा कामाला कुणी फ्यूज काढत नाही. स्टार्टरचं लाल बटण दाबायचं, लाईट आली तर मोटार आपोआप सुरू होऊ नये म्हणून ऑटोचा खटका खाली करायचा — झालं. ते वहिनीनं केलं होतं. बंद केलंस का म्हणून अण्णानं विचारलं होतं, तिनं हाव म्हटलं होतं.

अण्णा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, उरलेल्यांची मूठ होत नाही.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे. अपघात — तो अपघातच होता, इतकं तर मीही स्वतःला समजावू शकलो असतो. दवाखान्यात सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, मोटार सुरू झालीच कशी? आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मी शेतात गेलो. स्टार्टर उघडला, बॅटरी मारून बराच वेळ आत बघत उभा राहिलो. काय बघत होतो? डबीतला माझा नंबर पुसला. घरी आलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं — ऑटोचा खटका वरच राहिला होता, लाईट जाऊन आली असेल.

वहिनी चुलीपाशी होती. म्हणाली, "म्या खाली केलता भावजी. ह्या हातानं."

मी तिला समजावलं. अगदी हळू आवाजात, दुकानात गिऱ्हाइकाला समजावतो तसं. म्हटलं, होतं असं वहिनी, माणसाला वाटतं आपण केलं.

खटका तिनं खाली केला होता. पण तो फक्त लाईट आल्यावरची आपोआप सुरुवात अडवतो, डबीला लागलेला फोन नाही. मोटार मी चालू केली.

आईनं तिला मरेपर्यंत बोल लावला. अण्णा कधी बोलला नाही, पण तिला काम सांगायचं त्यानं सोडून दिलं. आणि ती? पहिल्यांदा भांडली, मग रडली, मग एक दिवस स्वतःच म्हणाली, राहिला असंल माझ्याकडून. आता गॅस बंद केला की शेजारणीला बोलावून दाखवते. कुलूप लावते आणि दुसऱ्याला ओढून बघायला लावते.

अण्णाला भ्यालो होतो का मी? नाही. अण्णानं मला माफ केलं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला भीती होती ती दुसरीच — की यापुढं घरात काही बिघडलं तर पहिला फोन मला येणार नाही. एवढ्याशा गोष्टीपायी.

मध्यंतरी वहिनीसाठी नवा मोबाईल घेऊन गेलो होतो. पुतणी नांदेडला शिकते, तिचं तोंड तरी दिसावं म्हणून. वहिनी मोबाईलला हात लावायला तयार होईना. मी हसून म्हणालो, "भिताय कशाला? बटण दाबल्यानं काय होतंय?"

"नगं भावजी," ती म्हणाली. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई. तुम्हीच लावून द्या."

मी लावून दिला.