साडूची तलवार आणि माझे विळे

साडूने दिलेली तलवार मी वितळवली. चुकून.

म्हणजे सांगताना मी 'चुकून' असंच सांगतो. मोबाइलच्या पडद्यावर 'दुरुस्त करा' आणि 'वितळवा' ही दोन बटणं शेजारीशेजारी होती, बोट माझं जाड, आणि चष्मा कुठल्या तरी परातीखाली गेलेला. तलवार भट्टीत पडली, एकदा लालभडक झाली, आणि माझ्या पिशवीत लोखंडाच्या तीन कांबी आणि मूठभर राख जमा झाली. माझ्या भांड्यांच्या दुकानात तेव्हा कोणी नव्हतं, तरी मी इकडेतिकडे पाहिलं. आणि मग, खोटं कशाला बोलू, जिवाला जरा गार वाटलं.

तलवार खेळातली होती, साडू मात्र खरा. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारंजाला नोकरीवर असतो. नात्याने माझ्याहून लहान आणि बाकी सगळ्यात थोरला. घर त्याने आधी बांधलं, गाडी त्याने आधी घेतली, आणि केस त्याचे अजून आहेत. मोबाइलवरचा हा ऑनलाइन खेळही त्यानेच घराण्यात आणला. त्यात जंगलं, किल्ले, राक्षस असं सगळं आहे आणि ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून त्या एकाच जगात उतरतात. सासरच्या मंडळींची एक टोळी त्याने बांधली. त्यात तो, माझा साळा आणि सासरच्या गावची चारपाच माणसं. मग मलाही ओढलं. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळ्यांनी जमायचं, एकमेकांशी बोलत बोलत एखादा राक्षस मारायचा आणि चहाच्या वेळेला उठायचं.

या खेळात नुसतं लढून भागत नाही. प्रत्येकाला एक हुन्नर शिकावा लागतो. कुणी शिंपी होतो, कुणी वैद्य, कुणी आचारी. मी लोहार झालो. माझं केनवडला भांड्यांचं दुकान आहे, म्हणजे धातूशी ओळख आहे, असा माझा हिशेब. तो चुकला. भांडी विकणं वेगळं आणि घडवणं वेगळं, हे मला खेळाने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं.

आधी डोंगरात जाऊन दगड फोडायचे, त्यातून लोखंड काढायचं, जंगलात कोळसा पाडायचा, मग भट्टीशी बसायचं. नवख्या लोहाराला फक्त खिळे करता येतात. प्रत्येक खिळ्यागणिक हुन्नर जवभर वाढतो. मला हे फार आवडलं आणि मी खिळ्यांमागून खिळे ठोकत सुटलो. पण काही खिळ्यांनंतर हुन्नर वाढायचा थांबला. जे हातात बसलं ते पुन्हापुन्हा करून कारागीर मोठा होत नाही, असा तिथला कायदा. मग सुऱ्या. मग विळे. वर चढावं तसं लोखंड लांबच्या डोंगरातलं लागतं, आणि घडवलेली वस्तू बिघडली तर माल जळून जातो, परत मिळत नाही. विळ्यांशी मी अडकलो तो अडकलोच. माझ्या पेटीत इतके विळे साठले की आख्ख्या रिसोड तालुक्याचा हंगाम उरकला असता.

साडूही लोहारच झाला होता. तो दोन महिन्यांत तलवारीला पोचला.

तेही मी सहन केलं असतं. पण खेळात एक पद्धत आहे. जी वस्तू तुम्ही घडवता, तिच्यावर आपोआप तुमचं नाव येतं. 'घडवणारा' असं लिहून पुढे नाव. ती वस्तू कुणाच्याही हाती जावो, नाव पुसत नाही. टोळीतल्या प्रत्येकाच्या कमरेला तलवार होती आणि प्रत्येक तलवारीवर साडूचं नाव होतं. माझ्या साळ्याच्यासुद्धा.

आता माझा धंदा काय, तर दुकानात भांडी विकायची आणि गिऱ्हाइकाने सांगितलं तर मशीनने त्यावर नाव टाकून द्यायचं. लग्नाचं आंदण, वास्तूचा आहेर, देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं टाकतो आहे. माझ्या स्वतःच्या घरात मात्र एकाही भांड्यावर नाव नाही. आज टाकू, उद्या टाकू करत राहून गेलं. त्यामुळे शेजारी गेलेलं पातेलं आमच्याकडे परत येईलच असं नसतं. एकच गंज, म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं, कुठूनही फिरून घरी येतो. तो मोठा, जाड बुडाचा गंज आमच्या वास्तूला साडूने दिला होता आणि त्यावर त्याचं नाव आहे. ते नाव मीच टाकलेलं. गंज परत द्यायला आलेली बाई दारात उभी राहून ते मोठ्याने वाचते आणि विचारते, "हे तुमचे साडूच ना?"

तर असा मी, आणि एका रविवारी साडूने टोळीसमोर मला तलवार दिली.

"भाऊ, तुमी लढाईले विळा घेऊन येता, ते बरं नाई दिसत. हे घ्या. माह्या हातची आहे."

साळा म्हणाला, "खरंच भाऊजी, राक्षस आहे तो, ज्वारी नाई."

सगळे हसले, मीही हसलो. तलवार घेतली. पुढचे चार दिवस मी जिथे जाईन तिथे साडूचं नाव माझ्या कमरेला लटकत होतं. पाचव्या दिवशी ती दुरुस्तीला काढली, आणि पुढचं मी सांगितलंच आहे.

रविवारी मी पुन्हा विळा घेऊन उभा राहिलो.

"तलवार कुठं गेली भाऊ?" साडूने विचारलं.

"चुकून वितळली. बटन बाजूबाजूलेच आहे ना."

"होते असं. मी दुसरी बनवून देतो. दहा मिनिटाचं काम आहे."

त्याने चिडायला हवं होतं. दहा मिनिटं हे शब्द मला तलवारीपेक्षा खोल लागले.

"नको," मी म्हटलं, "मी माही बनवतो."

त्यानंतरचे पंधरा दिवस माझं दुकानात लक्ष नव्हतं. किन्हीराजाहून एक बाई लेकीच्या आंदणाची बारा भांडी घेऊन आली. वाटेत दुसरं दुकान सोडून आली होती, म्हणाली, "नाव तुमच्याच हातचं पायजे, दादा. माह्या लग्नातल्या भांड्यावरचं अजून जसंच्या तसं आहे." मी हूं म्हटलं आणि बाराही भांड्यांवर नाव टाकून दिलं. डोकं सगळं डोंगरातल्या लोखंडात. बाई गेल्याबरोबर मोबाइल हातात.

अखेर हुन्नर तलवारीच्या उंबरठ्यावर आला. तिथे खेळ आधीच सांगतो की जमण्यापेक्षा बिघडण्याचा संभव जास्त. पहिली तलवार जळाली. दुसरी जळाली. तिसऱ्या वेळी मी बायकोने लावलेल्या उदबत्तीकडे बघून बटण दाबलं आणि तलवार झाली. खाली दर्जा लिहून आला, 'साधारण'. पण त्याखाली 'घडवणारा' आणि पुढे माझं नाव होतं. मी बायकोला हाक मारली. ती पोळ्या करत होती, पिठाच्या हाताने आली आणि पाहिलं.

"ह्याच्यानं काय कापता येते?" तिने विचारलं आणि तव्याकडे परत गेली.

ती तलवार मी स्वतः वापरू शकलो असतो. पण आपल्या ताटलीवर आपलं नाव, त्यात काय मोठेपणा? ते दुसऱ्याच्या हातात दिसायला हवं, आणि ज्या हातात आज साडूचं आहे त्याच हातात. मी ती साळ्याला भेट दिली.

"वा भाऊजी, वजनदार आहे," तो म्हणाला. आठवडाभर मी त्या चार शब्दांवर जगलो. दुकानात बसल्याबसल्या मोबाइल उघडून साळा खेळात आला आहे का ते बघायचो. तो नेमका त्या आठवड्यात यायचाच नाही.

रविवारी आला. किल्ल्याच्या दारात सगळे जमले. साळा पुढे उभा, आणि त्याच्या कमरेला साडूची तलवार.

मी विचारू नये असं ठरवलं आणि लगेच विचारलं, "माही तलवार कुठं आहे रे?"

कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता, तेवढाच ऐकू येत होता.

"भाऊजी," साळा म्हणाला, "ते चुकून वितळली. तुमाले त माहीतच आहे, बटन बाजूबाजूले आहे."

मला माहीत होतंच. 'चुकून' म्हणजे काय हे त्या टोळीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वाईट एवढंच की आता साडूलाही कळलं होतं. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चला, आत जाऊ," आणि आम्ही आत गेलो. मी विळा घेऊन. राक्षस मेला. मला वाटतं, मरताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बायको शेजारीच सुपात तूरडाळ निवडत बसली होती. मोबाइलचा आवाज मोठा होता, तिने सगळं ऐकलं. मी मोबाइल पालथा ठेवला तशी ती उठली, आत जाऊन साडूचा तो गंज घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला.

"काहो, दुकानातली ते नाव टाकायची मशीन उद्या घरी आना. हा एक गंज सोडला त बाकीच्या साऱ्या भांड्यावर नाव टाकून द्या."

मला भरून आलं. म्हटलं, "माहं?"

"तुमचं कायले?" ती म्हणाली. "माहं टाका. रांधते कोन?"