गालिच्यावर पडलेला सेल

आमच्या कामोठ्याच्या घरात गालिचा हवा होता कुणाला? मुलाला आणि सुनेला. हा पांढरा हत्ती पोसणार कोण, असं मी तेव्हाच विचारलं होतं. पोसला मीच.

नात रांगायला लागली तेव्हा त्यांनी माणसं बोलावून तो मशीनने धुऊन घेतला. जाताना त्यातला एक जण बजावून गेला, "काकी, पूर्ण सुकल्याशिवाय पाय ठेवू नका. मग आठवड्यातून दोनदा व्हॅक्युम मारा, उभा आणि आडवा. नाहीतर धूळ परत आत बसेल." ती दोघं ऑफिसला, म्हणजे काम माझ्याच गळ्यात. मीही हट्टी. दोनदा कशाला, रोज मारायला लागले.

त्या दिवशी अकराच्या सुमारास उभा-आडवा मारून मी मशीन बंद केलं. नात गालिच्यावर बसून काहीतरी चघळत होती. बोट घालून पाहिलं तर तोंडात काही नव्हतं. लाळ मात्र हनुवटीवरून गळत होती. तेवढ्यात हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, कानाच्या मशीनचा सेल बदलला ना आत्ता, तर जुना खाली पडला वाटतं. दिसला का?"

सेल तुरीच्या डाळीएवढा. घशात अडकला तर आतून भाजतो, हे सुनेनं मला दोनदा सांगितलं होतं आणि मी "हो गं बाई" म्हणून उडवून लावलं होतं.

व्हॅक्युमचा डबा बाल्कनीत पेपरवर उपडा केला. केस, धाग्यांचे पुंजके, बिस्किटाचा चुरा, एक टिकली. सेल नाही. गुडघे टेकून गालिचाभर तळहात फिरवले, सोफ्याखाली पाहिलं. दात येत असल्यामुळे नातीची लाळ रोजच गळायची, पण तेव्हा ते आठवतंय कुणाला? ती खोकली. एकदाच. मी ह्यांच्यावर ओरडले, "कान गेलेच आहेत, आता पोरीच्या जिवावर उठलात का?"

रिक्षात मी तिचा एकेक श्वास बघत होते. ह्यांच्या एका पायात स्वतःची चप्पल होती, दुसऱ्यात मुलाची. सुनेला फोन लावायची हिंमत मला झाली नाही. दवाखान्यात नातीला ह्यांनीच आत नेलं.

एक्स-रे बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, टेन्शन घेऊ नका. घसा, छाती, पोट, सगळं क्लिअर आहे." मी तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडले.

घरी येऊन व्हॅक्युमचा पाइप झटकला, तर वळ्यांत अडकलेला सेल लादीवर पडला. डबा पाहिला होता, पाइप बघायचं मला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी ह्यांनी कानाचं मशीन डबीत घालून कपाटात ठेवलं. "उगाच कशाला," एवढंच म्हणाले. मी विनवलं, चिडले, सेल मीच बदलीन, खाली परात ठेवून बदलीन, असंही म्हटलं. मशीन काही बाहेर आलं नाही. नात आता चालते, सगळ्यांना हाका मारते. आजोबांना हाक मारत नाही, जाऊन त्यांची बाही ओढते.

त्या दिवशी सेल नवा होता, माझं वाक्य त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. मी घाबरले होते म्हणून तसं बोलले, हे सांगायचं राहिलंय. आता सांगायचं तर तेही ओरडूनच सांगावं लागेल.