माझी गुळाची तुला

बिडी सोडली तेव्हा माझं वजन तीन ढेपा होतं. ढेपा म्हणजे गुळाच्या. माणसाचं वजन गुळात सांगायची रीत आमच्या वेल्ह्यात नाही, पण माझ्यावर ती पाळी बायकोने आणली.

झालं असं, की त्या पावसाळ्यात मला खोकल्याने धरलं. मी दिवसाला दोन कट्टे बिड्या ओढायचो, पण खोकल्याचा दोष सर्द हवेला द्यायचो. बायकोचा हवेवर विश्वास नव्हता. ती मला न विचारता मेंगाईच्या देवळात गेली आणि नवस बोलून आली, "ह्यांची बिडी सुटू दे, जत्रंला ह्यांची गुळाची तुला करीन." म्हणजे एका पारड्यात मी, दुसऱ्या पारड्यात माझ्या भाराइतका गूळ, आणि तो गूळ गावाला वाटायचा. तेव्हा मी काटकुळा होतो, म्हणून तिने फार विचार केला नसावा. लढाईचे दिवस होते आणि गूळ मिळायची मारामार होती. मी भडकलो. "मला विचारायचंस तरी!" म्हणालो. ती म्हणाली, "इचारलं असतं तर तुमी बिडी पेटवून इचार करत बसला असता."

ते खरं होतं. मी बिडी पेटवल्याशिवाय कसलाच विचार करत नसे, आणि पेटवल्यावर केलेला विचार बहुतेक माझ्या सोयीचाच निघायचा.

मी हिरड्याच्या वखारीत मापाडी होतो. तोरण्याच्या आणि राजगडाच्या रानातला हिरडा लोक वेचून, वाळवून पोत्यांतून डोक्यावर आणायचे. धनगरवाड्यावरच्या बाया तर दोन डोंगर उतरून यायच्या. मी तो तोलायचो आणि किती भरला ते ओरडून सांगायचो. वखार पुण्याच्या एका शेठची आणि काटाही त्यानेच घडवून आणलेला. त्या काट्याबद्दल आताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी लपवलं असं व्हायला नको. रिकामा असताना तो सरळ उभा राहायचा, कुणीही येऊन बघावं. पण वजनं ठेवायच्या बाजूची दांडी हिरड्याच्या बाजूपेक्षा दोन बोटं लांब होती, आणि ते कळू नये म्हणून हिरड्याचं पारडं जरा जड केलेलं होतं. त्यामुळे मणाचं वजन उचलायला मणापेक्षा जास्त हिरडा लागायचा. काटा मी केला नव्हता, मी फक्त तोलत होतो, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलो. एक झुरका मारला की ते पटायचंही.

तर बिडी सुटली. देवीने सोडवली की बायकोने, ह्यावर घरात अजून वाद आहे. मी सोडली असं मात्र कुणीच म्हणत नाही.

पहिला महिना मी काय काय तोंडात टाकलं ते आठवलं तरी लाज वाटते. हात सारखा खिशाकडे जायचा, खिशात बिडी नसायची, म्हणून मी तिथे फुटाणे ठेवले. फुटाणे संपले की शेंगदाणे. शेंगदाण्यांबरोबर गूळ लागतोच. आणि घरात गूळ होता, कारण बायको नसरापूरच्या बाजारातून एकेक ढेप आणून फळीवर रचत होती. एका दुपारी मी त्या ढेपेचा कोपरा तोडला. दुसऱ्या दिवशी दुसरा कोपरा तोडला, एवढ्यासाठी की ढेप वाकडी दिसू नये. चार-सहा दिवसांत ती ढेप गोल झाली. बायकोने ती हातात घेऊन फिरवून पाहिली आणि विचारलं, "उंदीर लई हुशार हाय, न्हाई का?"

ह्यात माझं दुहेरी नुकसान होतं. ढेप कमी होत होती आणि मी वाढत होतो. दिवाळीपर्यंत कोपरीचे बंद पोटावर भेटेनासे झाले. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, "मापाडी, तब्येत सुधारली!" आणि त्यात कौतुक किती नि शंका किती ते मला कळायचं. सगळा गाव रेशनच्या धान्यावर वाळत चालला होता आणि एकटा मापाडी फुगत होता. मी बिडी सोडली म्हणून फुगतोय, हे मी दहा जणांना समजावून सांगितलं. दहाही जणांनी मान हलवली आणि एकानेही मानलं नाही.

सल्ले तर काय, रस्त्यात पडलेलेच होते. देवळातल्या गुरवाने सांगितलं, रोज तोरण्यावर चढून जा. मी गेलो. खाली आलो तेव्हा इतकी भूक लागली होती की तीन भाकरी ठेच्याबरोबर गेल्या आणि चौथी अर्धी बायकोने काढून घेतली. आठ दिवस मी गड चढलो आणि आठ दिवसांनी पहिल्यापेक्षा जड झालो. मग गुरवच म्हणाला, "एक बिडी मारली तर भूक मरती, मापाडी." नवस बोललेल्या देवीचाच गुरव हे बोलत होता! मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा बायको देवळात जाऊन त्याला काय बोलली ते मला ठाऊक नाही. नंतर महिनाभर तो मला बघून बोळाने जायचा.

जत्रा जवळ आली तशी बायको रोज विचारू लागली, "आता किती?" गूळ तिला बेतून आणायचा होता. म्हणून वखार रिकामी असताना मी स्वतःला तोललं. सवयीने पोत्याच्या जागी, म्हणजे हिरड्याच्या पारड्यात बसलो आणि समोर वजनं रचून घेतली. आकडा कमी आला. मला इतका आनंद झाला की मी तो तसाच घरी सांगितला. आपण कुठल्या पारड्यात बसलो हे डोक्यात आलंच नाही. बारा वर्षं दुसऱ्यांना जे पारडं दाखवलं, त्याने दाखवलेलं मीही खरं मानलं. बायकोने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढंच? पटत न्हाई," म्हणाली आणि आणखी एक ढेप घेऊन आली.

तो गूळ कसा जमला हे मला जत्रेच्या आदल्या दिवशी कळलं. इतके महिने तिने स्वतः चहा बिनगुळाचा घेतला होता आणि सणाची पुरणपोळी माझ्या ताटात वाढून स्वतः आमटीभातावर भागवलं होतं. मला ते दिसलं नव्हतं. मी माझ्या पोटाकडे बघण्यात गुंतलो होतो.

माणूस पेलेल असा काटा पंचक्रोशीत एकच होता. वखारीतला. जत्रेच्या दिवशी तो आणून देवळासमोरच्या आंब्याला टांगला. रिकामा काटा सरळ उभा राहिला, लोकांनी "मेंगाईच्या नावानं चांगभलं" केलं, आणि गुरव म्हणाला, "माणूस म्हंजी वजन, गूळ म्हंजी माल. मापाडी, तुमी वजनाच्या बाजूला बसा." बसलो. बायकोने एकेक ढेप दुसऱ्या पारड्यात ठेवली. शेवटची ठेवली. मी जमिनीवरच होतो.

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, तुळशीचं पान टाका, देवाच्या तुलेत चाललं होतं. टाकलं. पारडं हललं नाही. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग गुळाच्या पारड्यात टाकायला म्हणून तिने पायातले चांदीचे वाळे काढायला घेतले. नवस अर्धा राहिला असता तर तिने ती स्वतःचीच खोट धरली असती, आणि मला पुन्हा खोकला आला की तिच्या जिवाचं पाणी झालं असतं.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. गूळ कमी नव्हता. मी लांब दांडीवर बसलो होतो.

एक झुरका मिळाला असता तर मी नक्की काहीतरी सोयीचं शोधून काढलं असतं. मिळाला नाही. समोर धनगरवाड्यावरची एक म्हातारी उभी होती, बारा वर्षं माझ्याकडे हिरडा घालणारी. ती काट्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. बायको एक वाळा काढून दुसऱ्याला हात घालत होती. मला फार लाज वाटली. मी पारड्यातून उठलो आणि म्हणालो, "वाळे घाल पायात. गूळ ह्या बाजूला ठेवा. मी तिकडं बसतो."

ढेपा इकडच्या तिकडे केल्या. मी हिरड्याच्या पारड्यात बसलो. गुळाचं पारडं धाडकन खाली आलं आणि मी वर गेलो, पाय लोंबकळत. माणूस तोच, गूळ तोच. कुणीच हसलं नाही. मला खाली उतरवायलाही कुणी पुढे आलं नाही. काटा सरळ करायला बायकोला ढेपेचा एक मोठा खडा आणि वर जवळजवळ एक आख्खी ढेप काढावी लागली.

म्हातारी पुढे आली. तो काढलेला खडा तिने उचलला, तळहातावर जोखला आणि म्हणाली, "ह्यो तुमच्या नवसाचा न्हाई. ह्यो माजा हाय." आणि पदरात बांधून ती गेली. तिच्यामागे हिरडा घालणारी आणखी माणसं आली, वरची ढेप फोडून ज्याने त्याने आपापला खडा नेला, आणि आम्हा दोघांपैकी कुणी त्यांना अडवलं नाही.

उरलेला गूळ गावाला वाटून आम्ही घरी आलो. मी ओसरीवर बसलो. हात आपसूक खिशाकडे गेला. तिने ते पाहिलं.

"वढायची तर वढा बिडी," ती म्हणाली. "देवीची माफी म्या मागीन. पर त्यो काटा सोडा."

दुसऱ्या दिवशी वखारीची किल्ली शेठच्या माणसाकडे पाठवून दिली. मग वर्षभर मिळेल ते काम केलं, कधी बांधावर, कधी कुणाच्या गोठ्यात, आणि कधी कामच नव्हतं. गुरवाने आणि तोरण्याने जे साधलं नव्हतं ते त्या वर्षाने साधलं. पुढच्या जत्रेपर्यंत मी पुन्हा तीन ढेपांवर आलो, आणि कोपरीचे बंद पुन्हा पोटावर भेटू लागले. बिडी काही पुन्हा ओढली नाही.